दादाला कुठे ठेवायचं

दादाने पहिल्यांदा हात उगारला, तेव्हा ताईंनी कुणाला सांगितलं नाही. मनगट सुजलं होतं. गिऱ्हाइकांना म्हणाल्या, मशीनवर आपटलं. कपडे दुरुस्त करून द्यायचं त्यांचं छोटं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत त्या आणि थोरला भाऊ राहायचे. दादाने एकतीस वर्षं बस चालवली, पण कधी कुणावर आवाज चढवला नाही. आईवडील गेल्यावर बहिणीला त्यानेच लहानाचं मोठं केलं. त्या नादात दोघांचीही लग्नं राहून गेली.

आता तो अडुसष्टचा होता आणि अंगातली ताकद तशीच होती. स्मृतिभ्रंश, डॉक्टर म्हणाले, रागही त्यातलाच. ताई कात्र्या कुलपात ठेवू लागल्या. मग एकदा पँट आखूड करायला आलेल्या शेजारच्या आजोबांना त्याने पायऱ्यांवरून ढकललं. खुब्याचं हाड मोडलं. आजोबांची सून आली, पण भांडली नाही.

"ताई, पुढच्या वेळी तुम्ही असाल," एवढंच म्हणाली.

पहिल्या वृद्धाश्रमाने त्याला अकराव्या दिवशी परत पाठवलं.

"आमच्याकडे शांत माणसं राहतात," व्यवस्थापक म्हणाले.

"शांत असता तर इथे कशाला आणला असता?"

पुढे चार ठिकाणी फोन केले. सगळीकडे एकच प्रश्न, मारतात का? हो म्हटलं की जागा नसायची. पाचव्या ठिकाणी ताई खोटं बोलल्या. "थोडा हट्टी आहे," म्हणाल्या.

तिथे त्याला घेतलं, पण भेटायला फक्त रविवारीच सोडायचे. ताई बुधवारी भरदुपारी बनियन द्यायच्या निमित्ताने गेल्या. दादा खाटेला बांधलेला होता, चादरीच्या फाडलेल्या पट्ट्यांनी. गोळ्यांच्या गुंगीत तोंडातून लाळ गळत होती.

"तीस माणसांना आम्ही दोघी," तिथली सेविका म्हणाली. "आधी खरं सांगितलं असतं तर तयारी तरी ठेवली असती."

ताईंनी गाठी सोडवल्या. मनगटांची सालटी निघाली होती. टॅक्सीत तो त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. दोन दिवसांनी गुंगी उतरली आणि त्याने ताईंचा पुढचा दात पाडला.

सरकारी रुग्णालयातल्या समाजसेविकेने गावाबाहेरच्या एका केंद्राचा पत्ता दिला. बाराच खाटा होत्या. यादीत दोन महिने थांबावं लागलं. तिथल्या मुख्य नर्सने मारतात का, असं विचारलंच नाही.

"कशाने चिडतात?"

"आंघोळ. बंद दार. मागून कुणी आलं तर."

"आणि शांत कशाने होतात?"

हे ताईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "रस्ता दिसला की," त्या म्हणाल्या.

त्याला रस्त्याकडची खोली मिळाली. हात उगारणं थांबलं नाही. पण आता तो कधीतरी चिडायचा, आणि सांभाळायला माणसं होती. ताईंवर मात्र त्याचा राग बसला. त्या दिसल्या की ओरडायचा, "ही बाई मला कोंडते. हिला आत घेऊ नका."

"तुम्ही येऊन गेलात की दोन दिवस जेवत नाहीत," नर्स चाचरत म्हणाली.

"मग येऊ नको का?"

"या ना. पण दारातूनच बघा."

आठ महिने त्यांनी दारातूनच बघितलं. पाठीकडून बंद होणारे सदरे शिवून दिले, म्हणजे घालताना त्याचे हात ओढावे लागत नसत. ते चांगले बसले म्हणून बाकीच्यांसाठीही शिवले.

मग त्याला न्यूमोनिया झाला. रागावण्याएवढं त्राण उरलं नाही, तेव्हा ताई आत जाऊन बसल्या. त्याने हात हातात घेऊ दिला.

"बाई, तुमची ड्यूटी संपली की कोण येणार?" त्याने विचारलं.

"आज मीच आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. बहीण म्हणून त्याने त्यांना ओळखलं नाही ते नाहीच. खाट रिकामी झाल्याचं नर्सने संध्याकाळीच यादीतल्या पुढच्या घरी कळवलं. फोनवर पलीकडची बाई रडत होती, ते ताईंना ऐकू येत होतं.