वाळवंटाची रंगीत तालीम

सरकारी कागदावर आमचं कुटुंब एकदा राजस्थानच्या वाळवंटात जाऊन आलेलं आहे. तशी सही-शिक्क्यानिशी नोंद आहे. प्रत्यक्षात आम्ही भिलाईतच होतो, आमच्या क्वार्टरच्या अंगणात, पायरीपासून सहा पावलांवर. त्या सहा पावलांपायी आमचं घर जाता जाता राहिलं.

बाबा रशियनांच्या मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलादाच्या प्लांटमध्ये रिगर होते. म्हणजे जड वजनं दोरानं बांधायची, तोंडात शिट्टी धरायची आणि हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला सांगत ती वर चढवायची. भट्टीचे मोठमोठे तुकडे त्यांच्या शिट्टीवर आभाळात गेले होते. त्यामुळे दोर आणि शिट्टी असली की जगातली कुठलीही गोष्ट जागेवर बसते, असा त्यांचा ठाम समज झाला होता. माणसंसुद्धा त्यात आली.

आम्ही भंडाऱ्याकडून भिलाईला आलो तेव्हा घरं नव्हतीच. लाल मुरमावर तंबूंच्या रांगा होत्या आणि त्यातल्या एका तंबूत आम्ही साडेतीन वर्षं काढली. माझा धाकटा भाऊ तिथंच जन्मला. उन्हाळ्यात दुपारी धुळीची आंधी सुटायची. बाबा ड्यूटीवर असायचे. आई भावाला कडेवर घ्यायची, मला पायांशी बसवायची आणि दोन्ही हातांनी मधला खांब धरून उभी राहायची. कधी पाव तास, कधी तासभर. शेवटी क्वार्टर मिळालं: दोन खोल्या, रांधायची जागा, नळ आणि वर पक्कं छत. आईनं आत गेल्यावर देव मांडले नाहीत की दिवा लावला नाही. तिनं आधी भिंतीला खांदा लावून ढकलून पाहिलं. भिंत हलली नाही तेव्हा ती हसली.

खात्यानं आमचा तंबू भंगारात काढला होता. आईनं तो मागून घरी आणला. मला वाटलं, आठवण म्हणून. कसली आठवण! ती कात्री घेऊन बसली आणि तिनं त्याचे तुकडे केले. एका तुकड्याची माझी शाळेची पिशवी झाली, एकाची ट्रंकेवरची खोळ, एकाचा न्हाणीचा पडदा, एकाचं तांदळाचं पोतं. साडेतीन वर्षांचा सूड तिनं असा उगवून घेतला.

घर मिळून दोन वर्षं झाली, आणि बाबांच्या खात्यातल्या एका रशियन साहेबानं त्यांना एक फोटो दाखवला. फोटोत साहेब, त्याची बायको, दोन मुलं, मागं नुसती वाळू आणि वाळूत एक तंबू. बाबांनी हळहळून दुभाष्याला विचारलं, "बिचाऱ्याले क्वार्टर नव्हतं भेटलं का?" उत्तर आलं की साहेबाचं घर चांगलं तीन खोल्यांचं आहे, ही मंडळी सुट्टीत हौसेनं वाळवंटात जाऊन तंबूत राहतात.

बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. सारखं तेच. "ज्याले घर आहे, तोच हौसेनं तंबूत राहते. ज्याले घर नाही त्याची काय हौस? आता आपल्याले घर आहे. मग आपण कावून नाही जात?"

"आठ घंटे भट्टीपाशी भाजून मन नाही भरत तुमचं, म्हणून वाळूत जाता?" आई म्हणाली.

पण बाबांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यांच्या खात्यातला एक मारवाडकडचा वेल्डर होता. त्यानं सांगितलं की जैसलमेरच्या पलीकडं राजाचं शिकारीचं रान आहे, आता तिथं शिकार होत नाही, हरणं आणि माळढोक मोकळे फिरतात, आणि तंबू ठोकला तर कुणी विचारत नाही. भाडं नाही, लॉज नाही, खानावळ नाही. तिकिटं सोडली तर खर्चच नाही! बाबांनी माझ्या गणिताच्या वहीत प्लॅन लिहायला घेतला. वर लिहिलं, 'काम: वाळवंट.' मग कामांची वाटणी. मी, उत्तरेकडची खुंटी. भाऊ, शिट्टीकडे लक्ष. बाबा, दोर, उचल आणि सेफ्टी. आईपुढं लिहिलं होतं, 'बाकीचं सगळं.'

आई हो म्हणाली, याचं मला अजून नवल वाटतं. पण माहेर आणि भिलाई सोडून तीही कुठं गेली नव्हती. हरणांचं ऐकून तिच्या तोंडावर काहीतरी हललं होतं, ते मी पाहिलं होतं. तिनं दोनच अटी घातल्या. आधी अंगणात तालीम करून दाखवायची. आणि घर एक घंटाही रिकामं ठेवायचं नाही, कारण रिकाम्या घरात कोणीही घुसते. "माह्या भावाले बोलवा राखणीले," ती म्हणाली. घर जाऊ नये म्हणून तिनं घातलेली ही अट. पुढं जे झालं ते सगळं त्याच अटीतून झालं.

मग तंबू परत गोळा झाला. माझी पिशवी उसवली, ट्रंकेची खोळ गेली, न्हाणीचा पडदा गेला, तांदूळ तपेल्यांत गेले. आईनं निळ्या दोऱ्यानं तो पुन्हा शिवला. ती शिवत होती तेव्हा आम्ही कोणी तिच्याजवळ गेलो नाही. जवळच्या सुपेल्याच्या बाजारातून बांबू आले. प्लांटमधला खिळासुद्धा घरी आणायचा नाही ही बाबांची शिस्त, म्हणून खुंट्या त्यांनी स्वतः बाभळीच्या तासल्या.

मामा गावाहून आला. तो तिकडच्या शाळेत शिपाई होता आणि शब्दाचा इतका पक्का की कधीकधी त्याला मारावंसं वाटायचं. बाबांनी त्याला समोर उभं करून हुकूम दिला, "आमी गेलो असं समजा. कोणी आलं तर सांगायचं, घरचे राजस्थानले गेले, आठ दिवसानं येतीन. आतमधे कोणाले घ्यायचं नाही. आमाले भी नाही."

"तुमाले भी नाही," मामानं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं.

शनिवारी दुपारी शिट्टी वाजली. बाबा हातवारे करत "हळू... हळू... होल्ड!" म्हणत होते, भाऊ शिट्टीकडे लक्ष देत होता, आणि बाकीचं सगळं आई करत होती. तंबू उभा राहिला. बाबांनी पायरीच्या पुढं चुन्याची रेघ मारली आणि जाहीर केलं, "रेघेच्या इकडे राजस्थान. तिकडे भिलाई."

खिचडी चुलीवर चढल्यावर कळलं की मीठ घरातच राहिलं. आई उठली तशी शिट्टी वाजली. "मीठ हजार मैलांवर आहे," बाबा म्हणाले. आम्ही अळणी खिचडी खाल्ली. शेजाऱ्यांची बकरी कुंपणातून आत आली तेव्हा बाबांनी आम्हांला शांत बसायला लावलं, कारण हरणं बुजतात. हरणानं उरलेली खिचडी तोंडात घेतली आणि तीही टाकून दिली. सकाळी वेगळीच अडचण आली, तिचा प्लॅनमध्ये कुठंही उल्लेख नव्हता. संडास भिलाईत होता. मामानं दार उघडलं नाही, आणि आम्ही चौघं ओळीनं शेजाऱ्यांकडे गेलो. आई पदर ओढून सगळ्यात मागं होती.

रविवारी दहाच्या सुमाराला क्वार्टरांची तपासणी करणारा इन्स्पेक्टर सायकलीवरून आला. खाकी शर्ट, तरुण, गोंदियाकडचा. त्या काळी काही लोक मिळालेलं क्वार्टर परस्पर भाड्यानं देत आणि स्वतः कुठं झोपडी टाकून राहत. ते पकडायचं त्याचं काम होतं. त्यानं तंबूकडे पाहिलं, धुमसणाऱ्या चुलीकडे पाहिलं, आणि दार वाजवलं. मामानं दार बोटभर उघडलं.

"क्वार्टर कोणाच्या नावावर आहे?"

"माह्या भाऊजीच्या."

"कुठं आहेत ते?"

"राजस्थानले गेले. आठ दिवसानं येतीन."

"आन् तुमी इथं राहून राहिले?"

"हो. कोणालेच आत घ्यायचं नाही, असं सांगून गेले."

इन्स्पेक्टरनं तंबूकडे बोट केलं. "मंग हे लोक कोण?"

मामानं आमच्याकडे पाहिलं. सख्ख्या बहिणीकडे पाहिलं, लहानपणी जिला मांडीवर खेळवलं त्या माझ्याकडे पाहिलं. "मले नाही माहीत," तो म्हणाला.

बाबा तंबूत बसून मामाला 'शाबास'ची खूण करत होते! मामा परीक्षेत पास झाला म्हणून ते खूश होते. इन्स्पेक्टर पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहायला लागला तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते रेघ ओलांडून धावले, "साहेब, घर माहं आहे!" मामानं त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. 'तुमाले भी नाही', असंच ठरलं होतं.

नोटीस मंगळवारी आली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचली. क्वार्टर परक्या माणसाला दिलेलं आढळलं. शिवाय अंगणात अनोळखी कुटुंबानं बेकायदा तंबू ठोकलेला आढळला. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर क्वार्टर खाली करा. म्हणजे आम्ही घर भाड्यानं दिलं होतं आणि आम्हीच आमच्या अंगणात अतिक्रमण केलं होतं. बाबा हसायला गेले, पण आईकडे पाहून थांबले.

ती भिंतीला पाठ लावून उभी होती. "हे घर गेलं ना," ती म्हणाली, "तर मी तुमच्यासंगं पुन्हा तंबूत नाही राहणार. लेकरं घेऊन भावाकडे जाईन." तिनं आवाज चढवला नव्हता, आणि म्हणूनच मला खरोखर भीती वाटली. बाबांवर मी पुढं पुष्कळदा चिडले, पण त्या दिवसाइतकी कधीच नाही. मामा कोपऱ्यात बसून रडत होता आणि मध्येच म्हणत होता की सांगितलं तेच तर केलं.

आम्ही सगळे खुलासा द्यायला गेलो. ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये होतं. बाबांनी माझी गणिताची वही पुढं केली आणि प्लॅन समजावून सांगू लागले. उत्तरेकडची खुंटी, सेफ्टी, बकरी. इन्स्पेक्टर ऐकत होता आणि त्याचा चेहरा लालबुंद होत होता. "घर असून हौसेनं तंबूत?" तो शेवटी ओरडला. "मले येडा समजता का? अशी हौस कोणाले असते?"

बाबांनी वही मिटली. आई मात्र त्याच्या हातांकडे पाहत होती. त्याच्या दोन्ही तळहातांवर दोराचे ताजे वळ होते.

"साहेब," ती म्हणाली, "कालच्या आंधीत तुमची कोणती खुंटी उपटली?"

त्यानं मुठी मिटल्या. मग हळूच म्हणाला, "पश्चिमेची."

"तेच उपटते. तुमी ड्यूटीवर असता तवा मधला खांब कोण धरते?"

"बायको."

"लेकरू?"

"कडेवर."

"साडेतीन वर्षं मी धरला," आई म्हणाली. "आता तुमीच सांगा, मी हे घर दुसऱ्याले दिन का? माहा नवरा येडा आहे, ते खरं आहे. पण मी नाही."

क्वार्टर वाटणाऱ्या खात्यातला तो माणूस स्वतः तंबूत राहून क्वार्टरची वाट पाहत होता. त्याचा नंबर लागायचा होता. त्यानं कागद पुढं ओढला. मग म्हणाला की मामाचा जबाब कागदावर चढला आहे, तो आता खोडता येणार नाही. म्हणून त्यानं पुढं लिहिलं: क्वार्टरधारक कुटुंबासह राजस्थानला गेले होते, परत आले, नातेवाईक राखणीला होता. अंगणातलं अनोळखी कुटुंब निघून गेलं. बाबांनी हे वाचलं आणि त्यांची मान थोडी वर झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी रशियन साहेबाला सांगितलं की आम्ही जाऊन आलो.

तंबू हटला की नाही हे पाहायला इन्स्पेक्टर त्याच आठवड्यात दुपारी घरी आला, तेव्हा बाबा रात्रपाळी करून घरीच होते. आईनं तंबू केव्हाच उसवला होता. तिनं त्याला पाय धुवायला लावून आत घेतलं, कारण पाय धुतल्याशिवाय बाबांनाही आत येता येत नसे. चहा दिला. पण त्याचं चहाकडे लक्ष नव्हतं, तो वर छताकडे पाहत होता. आईला ते कळलं असावं, कारण साखर पाहिजे का विचारून तिनं त्याची तंद्री मोडली नाही.

तेवढ्यात बाहेर आंधी सुटली. खिडकीची झडप आपटली, आणि इन्स्पेक्टर कप टाकून ताडकन उठला. त्याचे दोन्ही हात समोर गेले, खांब धरायला. समोर काही नव्हतं. हात तसेच हवेत राहिले.

"बसा साहेब," आई म्हणाली. "इथं काही धरा नाही लागत."

"तिकडे लागते," तो म्हणाला आणि सायकलीकडे धावला.

बाबांनी कोपऱ्यातला दोर आणि बाभळीच्या खुंट्या उचलल्या आणि त्याच्या कॅरियरवर जाऊन बसले. आईनं उसवलेल्या तंबूचा सगळ्यात मोठा तुकडा आणून त्यांच्या मांडीवर टाकला. "साहेबाले नाही," ती वाऱ्यात ओरडून म्हणाली, "खांब धरून आहे तिले द्या!" दोघं लाल धुळीत दिसेनासे झाले. मी आईला आत चल म्हटलं, पण ती आली नाही. वारा थांबेपर्यंत ती दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती.