पित्ताच्या डबीतल्या माझ्या गोळ्या

कम्युनिटीवरच्या मंडळींनो, घाईत लिहितेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

तीन वर्षं चार घास खाल्ले की माझं पोट दगड व्हायचं. दुर्बिणीच्या तपासणीत काहीच सापडलं नाही. शेवटी डॉक्टरांनी डिप्रेशनवरची गोळी अगदी कमी डोसमध्ये दिली, पोटाच्या नसा शांत व्हायला. तिने गुंगी येते, म्हणून रात्रीच घ्यायची. दीड महिन्यात मी पोटभर जेवू लागले.

पण घरात "वेडाची गोळी" म्हणतील, म्हणून मी त्या पित्ताच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून ठेवल्या.

आज दुपारी सासूबाईंना जळजळ झाली. त्यांनी त्याच डबीतल्या दोन घेतल्या. संध्याकाळी हाका मारल्या, तर डोळे उघडेनात.

गोखिवऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय यांनी?"

नवरा म्हणाला, "पित्ताची गोळी. दुसरं काही नाही."

मी गप्प. दहा सेकंद तरी. मग सगळं सांगितलं.

सासूबाई आता बऱ्या आहेत. त्या मूळच्या अर्नाळ्याच्या, बोलण्यात आडपडदा नाही. जाग आल्यावर गोळ्यांचं ऐकून म्हणाल्या, "पोटासाठीच घेत होतीस ना? मग कोनाला घाबरलीस?"

त्या दहा सेकंदांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगू का?