मेजरांची कार्बाइन

आमच्या घराण्याचा बंदुकीशी संबंध फक्त आवाजापुरता. नगरात राहणाऱ्याला तोफेचं अप्रूप नसतं. लष्कराचा सराव सुरू झाला की काचेचं कपाट थरथरायचं, आई लोणच्याची बरणी जरा आत सरकवायची आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायची. आमच्या पूर्वजांनी हाती धरलेलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे टाक. खंडेनवमीला गल्लीत इतरांकडे तलवारी निघत. आमच्या पाटावर विळी, अडकित्ता, आजोबांचा पेन्सिलीला टोक करायचा चाकू आणि पुढे पुढे माझा स्क्रू-ड्रायव्हर. त्या ओळीवर अक्षता टाकताना मला भारी लाज वाटे. पन्नाशी उलटल्यावर माझ्या डोक्यात कार्बाइनचं खूळ शिरलं, त्याचं मूळ बहुधा त्या अडकित्त्यात असावं.

खूळ माझ्या एकट्याचं नव्हतं. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी रायफल क्लबात जायचो. नेम यथातथा, पण परवाना रीतसर. तिथे त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता. महायुद्धातल्या अमेरिकन कार्बाइनी म्हणजे आखूड, हलक्या बंदुका. सैन्याला नकोशा झाल्यावर त्या जगभर विकल्या गेल्या. थोड्या आपल्याकडेही आल्या आणि दुकानांच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या. मग बाहेरून माल येणं बंद झालं. होत्या तेवढ्याच उरल्या आणि एकाएकी सगळ्यांना हव्याशा झाल्या. ट्रॅक्टरच्या किमतीपासून सुरू झालेला भाव बघता बघता गुंठ्यांत मोजला जाऊ लागला. पुण्याचा दलाल फोनवर सांगायचा, "सर, बायकोला सोनं पुढच्या वर्षी घ्या. सोनं पळून जात नाही." नाशिकला एका बंगल्यात मी तासभर जिची तोंड भरून स्तुती केली, ती कार्बाइन नव्हतीच, छऱ्याची बंदूक होती. मालक भला माणूस. म्हणाला, "चहा घ्या. तुम्ही फार मनापासून बोलता."

अशा उताविळीत मला संगमनेरच्या बाजूची ती वस्ती कळली. प्रवरेच्या काठाला, चहूकडून ऊस. फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला आपल्याकडे 'मेजर' म्हणतात, तसे एक मेजर तिथे राहायचे. ते वारले होते. कार्बाइन आता त्यांच्या बायकोच्या नावावर होती आणि तिला ती विकायची होती. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. मी तिला मावशी म्हणालो, तिने मला सर. आतल्या भिंतीवर मेजरांचा फोटो होता. फोटोतली माणसं साधारण कॅमेऱ्याकडे बघतात. मेजर दाराबाहेर, उसाकडे बघत होते.

"तुमी ही उडवनार का नुसती ठिवनार?" मावशींनी विचारलं.

"उडवणार. क्लबात, निशाणावर."

"आदी दोघं यिऊन गेले. म्हनले, ठिवनार, भाव वाढला की इकनार. त्यान्ला न्हाई दिली." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तुमाला देते. पन माजं येक काम करायचं."

मला वाटलं, आता भाव वाढणार. मी मनातल्या मनात बायकोच्या पाटल्या मोजल्या.

"उडवून बगायची आन मला सांगायचं, सुटती का न्हाई. खरं सांगायचं."

मग त्यांनी का ते सांगितलं. सूप पुन्हा पुढ्यात ओढून, आवाज न चढवता, शेंगा फोडत.

"दसऱ्याचा दिस हुता. माजी पोर नुकती साळंत जायाला लागल्याली. आपट्याची पानं घिऊन पलीकडच्या वस्तीवर सोनं वाटाया निघाली. ऊस असा डोक्याच्या वर. बांधावर बिबट्यानं धरली. वरडली तशी हे बंदूक घिऊन पळाले. मी मागं. पोर ही एवढ्या अंतरावर हुती, त्या चुलीपतुर. ह्यान्नी बंदूक लावली. आवाज न्हाई आला. तवर ते पोरीला घिऊन उसात शिरलं."

मी सुपातली एक शेंग उचलली आणि न फोडताच परत ठेवली.

"हे म्हनले, चाप वडला पन गोळी सुटली न्हाई. गाव म्हनलं, फौजी गडी घाबरला, बोटच हललं न्हाई. मी गावासंगं भांडले. माज्या मालकानं चाप वडला म्हंजी वडला. पन सर, मी मागं हुते. मला त्यांची पाठ दिसत हुती, बोट न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घाबरले आस्तील तर आसू दे, मानूसच हाय. पन मला खोटं सांगितलं आसंल, तर सारा जलम मी कुनासंगं काडला?"

निघताना फोटोकडे बघत त्या आणखी बोलल्या, सहज, जशी घरातल्या माणसाची खोड सांगावी. आधी मेजर खंडेनवमीला कार्बाइन पाटावर ठेवायचे, मावशी हळदकुंकू लावून वर अक्षता टाकायच्या. त्या दसऱ्यानंतर मेजरांनी ती पूजेला कधी बाहेर काढू दिली नाही. "देवावरचं मनच उडालं त्यांचं. लग्नाला गेले तर अक्षदा हातात घ्यायचे आन मूठ झाकून तसेच उबे. टाकायचे न्हाईत. बाया हसायच्या."

सरकारी सोपस्कार पार पडून कार्बाइन हातात आली, सोबत मेजरांच्या वेळचं काडतुसांचं पाकीट. दस्त्यावर एक जागा वापरून गुळगुळीत झालेली होती. माझा तळवा तिथे आपोआप बसे, जणू कुणी जागा धरून ठेवली होती आणि मला बघून उठलं होतं. मला ते आवडलं नाही.

क्लबात मी मेजरांचीच काडतुसं भरली. मनात म्हणत होतो, न सुटू दे. एवढी किंमत मोजून बंदूक बिघडलेली निघावी अशी प्रार्थना करणारं गिऱ्हाईक त्या बाजारात मी एकटाच असेन. चाप ओढला. सुटली. पुन्हा ओढला. पुन्हा सुटली. शिवणयंत्रासारखी चालली. मागे उभे असलेले आमचे वकीलमित्र टाळ्या वाजवत म्हणाले, "सर, लोणी आहे लोणी! आजच विकलीत तर दुप्पट देतो." आणि मला समोरच्या कागदी निशाणाच्या जागी उसाचा बांध दिसायला लागला. मी कार्बाइन खाली ठेवली. पाकिटात काडतुसं अजून उरली होती.

म्हणजे मेजर घाबरले होते. हे मी जाऊन सांगायचं होतं.

मी गेलो नाही. मावशींचा फोन यायचा. "सर, झालं का?" आणि मी काहीतरी सांगायचो. एकदा आचारसंहिता लागली म्हणालो, बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे. ते खरं होतं, पण निवडणूक संपून हत्यारं परत मिळाली तरी माझी आचारसंहिता काही उठेना. मग पावसाने क्लब बंद. मग माझा खांदा. बायको म्हणाली, "खोटं बोलताना तुम्ही दरवेळी खोली का बदलता?"

त्या महिन्यांत मी राहुरीकडे जायचा रस्ता टाळू लागलो, कारण दुतर्फा ऊस. भरदुपारी गाडीची काच खाली केली की पात्यांची सळसळ आत यायची, आणि मला वाटायचं, आत कुणीतरी थांबलंय आणि मी काय करतो ते बघतंय. कपाट उघडून कार्बाइनला तेलपाणी करायला बसलो की तळवा त्या गुळगुळीत जागेवर जाई. मग बोट चापाजवळ जाऊन थांबे, आणि माझ्याच घरात, सतरंजीवर बसून, मला वाटे की मागे कुणी बाई उभी आहे आणि तिला माझी फक्त पाठ दिसतेय.

खंडेनवमी आली. बायकोचा उत्साह काय वर्णावा! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच शस्त्रपूजेला शस्त्र होतं. अडकित्त्याला तिने त्या वर्षी आतच ठेवलं. मी कार्बाइन पाटावर मांडली. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या, मागे ओढून अडकवून ठेवायचा, म्हणजे आत काही नाही हे बघणाऱ्याला दिसतं. ही फौजेतली शिस्त, क्लबातही तीच. शिवाय तशी ती फोटोत जास्त शूर दिसते. बायकोने हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, आणि मुठीने अक्षता टाकल्या. लग्नात माझ्यावर टाकल्या गेल्या नसतील तेवढ्या. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मग वरवर पुसून बोल्ट सोडला आणि कपाटात ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी क्लबात सगळे मुहूर्ताची एकेक गोळी उडवतात. माझी पाळी आली. काडतूस भरलं, नेम धरला, चाप ओढला. आतून बारीकसा टक् असा आवाज आला. बस.

"सर, कालच्या पूजेने मोक्ष मिळाला वाटतं तिला," वकील म्हणाले. सगळे हसले.

मीही हसलो. नियमाप्रमाणे नळी निशाणाकडेच ठेवून थांबलो, मग काडतूस काढलं. त्याच्या बुडावर ओरखडासुद्धा नव्हता. काडतूस पेटवणारी बोल्टमधली टाचणी तिथवर पोचलीच नव्हती. बोल्ट मागे ओढून आत बॅटरी मारली. बोल्ट पुढे येऊन जिथे फिरून घट्ट बसतो, त्या खाचेत काहीतरी लाल होतं. काडीने ओढून काढलं.

तांदळाचा एक दाणा. कुंकवाचा. तेलात भिजून घट्ट चिकटलेला.

त्या दाण्यामुळे बोल्ट पुरता बसला नव्हता, आणि बोल्ट बसला नाही की घोडा पडूनही टाचणीवर घाव बसत नाही. दाणा काढल्यावर तेच काडतूस भरून पाहिलं. सुटलं.

"काय निघालं, सर?" वकिलांनी विचारलं.

"काही नाही. कचरा," मी म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं की दाणा मी मुठीत घट्ट धरलाय. मूठ उघडवत नव्हती. अशी मूठ मी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. लग्नात उभा असलेला फौजी माणूस, मूठ झाकलेली, आणि हसणाऱ्या बाया.

देवावरचं मन उडालं नव्हतं मेजरांचं. त्यांनीही बंदूक उघडून बघितली असणार. त्यांच्याही हाताला असाच लाल दाणा लागला असणार, आणि तो कुणाच्या हातून पडला हे त्यांना ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर गाव गप्प झालं असतं. तो शब्द ते बोलले नाहीत. भित्रा म्हणवून घेत जगले.

तशीच गाडी काढली आणि राहुरीच्या रस्त्याला लागलो. ट्रकच्या नाकांवर झेंडूचे हार, दुतर्फा ऊस. मला आता उसाची भीती वाटत नव्हती. भीती मावशींची वाटत होती. बंदूक चांगली आहे म्हणालो तर नवरा खोटा ठरतो. खरं सांगितलं तर...

दसऱ्याच्या दिवशी त्या घरी कुणी सोनं द्यायला जात नसावं. मावशी ओसरीवर एकट्याच होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"उडवली?"

"उडवली, मावशी."

"मंग?"

आयुष्यभर मी फुकटच्या थापा मारल्या, वर्गात, पार्ट्यांत, बायकोला. त्या दिवशी पहिल्यांदा थाप मारायला घाम फुटला. म्हणालो, "तुमच्या पाकिटातलंच काडतूस होतं. घोडा पडला, टक् आवाज आला. गोळी सुटली नाही. काडतुसं सर्दावलेली आहेत, मावशी. नदीकाठची हवा. मेजरांनी चाप ओढला होता."

त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघवलं नाही. मी उसाकडे बघत बसलो, मेजर बघतात तिकडेच.

"म्हंजी खरंच बोलत हुते," त्या शेवटी म्हणाल्या. "मी उगं..." आणि पदराने तोंड पुसून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात आपट्याची चार पानं होती. कधी तोडून आणली होती देव जाणे. "घ्या सर, सोनं." मी वाकून नमस्कार केला. गाडीपर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

"आता खंडेनवमीला पूजा करीत जा बरं का तिची. हळदकुंकू, अक्षदा, सगळं. आमच्याकडं ऱ्हाऊनच गेलं ते."

"करतो, मावशी."

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या, म्हणून हे लिहितोय. कार्बाइनचा भाव उतरला. फुगा होता, फुटला. वकील आता अर्ध्या किमतीतही विचारत नाहीत. ती कपाटात आहे. खंडेनवमीला पाटावर पुन्हा अडकित्ता आला, आणि बायको विचारते तेव्हा मी खोली बदलतो.

परवा भाच्याचं लग्न होतं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, सगळीकडून अक्षता उडाल्या. बायकोने कोपर मारलं, "अहो, टाका की!" माझी मूठ तशीच होती. पलीकडे दोन बायका माझ्याकडे बघून हसत होत्या.