शहाजीचं ‘न्हाय चालत’

हरिदास माझा मोडनिंबच्या शाळेपासूनचा सोबती. मी बोलायचो, तो ऐकायचा. दोस्ती टिकली ती त्यामुळंच. चिंचोळी एमआयडीसीतल्या सूतगिरणीत त्याची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाला तेव्हा हातात फंड आला, आणि एकुलता एक मुलगा शहाजी फौजेत, सरहद्दीवर.

फंडाचं काय करावं हे विचारायला तो माझ्या नातवाकडं आला. दिपक शेअरच्या कचेरीत कामाला. त्यानं एक कंपनी दाखवली. फौजेसाठी रडार, वायरलेस संच बनवते म्हणे.

“ऑर्डरी पुढच्या कैक वर्षांच्या आहेत, आजोबा. कर्ज नाही. पण गिऱ्हाईक एकच, सरकार. पैसा उशिरा येतो. आणि कमाईच्या मानानं भाव आत्ताच लई चढलाय.”

हरिदासनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “माल कसा हाय?”

“ते कागदावर कळत नाही.”

“मग वापरणाऱ्याला विचारू की.”

रविवारी शहाजीचा फोन आला. फोन स्पीकरवर, मी शेजारीच. हरिदासनं कंपनीचं नाव घेऊन विचारलं, “त्यांचा संच तुमच्याकडं चालतो का नीट?”

शहाजी म्हणाला, “न्हाय चालत, आबा. आईकडं द्या फोन.”

हरिदासनं फोन लीलावहिनींकडं दिला. त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. शेअरचं नाव काढलं की म्हणायचा, “पोरगं बर्फात, अन् हातातला संच बंद. हाक मारायची कुणाला त्यानं?”

पुढच्या फोनला वहिनींनीच विषय काढला. शहाजी हसायलाच लागला. “अगं आई, असलं फोनवर बोललेलं न्हाय चालत, असं म्हणलो मी. आबा बी ना.”

हरिदास उठून बाहेर गेला आणि नळावर बराच वेळ तोंड धूत राहिला.

दिपकला वाटलं, आता अडचण मिटली. “मग घ्यायचा का, आजोबा?”

“नगं रं. कंपनी वाईट हाय असं न्हाय म्हणत मी. पण उद्या भाव पडला तर मला वाटंल, तिकडं काय तरी बिघडलं. रोज भाव बघून पोराची खुशाली वळखायची, हे न्हाय जमायचं मला.”

फंड पोस्टात गेला. रविवारी फोन आला की हरिदास आता शहाजीला जेवलास का, एवढंच विचारतो.