सासरच्या सहीची वाट

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला घेऊन यायचं, तिचे डोहाळे पुरवायचे आणि बाळ-बाळंतिणीला धडधाकट परत पोचवायचं. माझ्या धाकट्या बहिणीलाही बाबांनी असंच सोनाळ्याहून अमडापूरला आणलं. अंगणातसुद्धा तिला एकटीला फिरू देत नव्हते, इतकी काळजी. म्हणूनच त्या दिवशीचा माझा राग अजून उतरत नाही.

कळा सुरू झाल्या तशी जीप करून आम्ही तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. सरकारी म्हटलं की नाकं मुरडणारे पुष्कळ. मी मुरडत नाही. त्या वॉर्डात भाजीवाली, पोलिसाची बायको, वीटभट्टीवरची सून, कोणाकोणाच्या लेकी शेजारीशेजारी कण्हत होत्या. एकीच्या थर्मासातला चहा दुसरी पीत होती आणि जातधर्म कोणी विचारत नव्हतं. पण तिथेही बाईबद्दल काही ठरवायचं झालं, की प्रश्न तिच्या डोक्यावरून पलीकडे जातो.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर लगेच करावं लागेल, असं सांगून त्या तयारीला गेल्या. सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या.

"सोबत कोणी माणूस हाय का?"

मी तिथेच उभी होते. तिची सख्खी मोठी बहीण, शिकलेली, नोकरी करणारी. पण मी माणसात मोडत नव्हते.

बाहेरून बाबांना बोलावलं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि परत दिलं. "म्या सही कशी करू? पोरगी आता त्याईची हाय. उद्या काही कमीजास्त झालं तं इवाई म्हणतीन, आमाले न विचारता पोट काऊन फाडलं?"

इवाई म्हणजे बहिणीचे सासरे. जावयाचा फोन लागेना, सासऱ्यांचा लागला. "थांबा, आमी निघून राह्यलो," ते म्हणाले. सोनाळ्याहून यायचं म्हणजे संध्याकाळ होणार. तरी बाबांनी मान डोलावली, आणि सिस्टरही "मंग येऊ द्या त्याईले" म्हणून पुढच्या खाटेकडे वळल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणा, मी करते सही."

"बाई, मागून भांडणं होतात अन् आमच्या गळ्याशी येते. नवरा नाही तं बाप पाह्यजे."

शेजारच्या खाटेवर नातीला घेऊन आलेली एक म्हातारी हे सगळं ऐकत होती. तिला राहवलं नाही. "अरे भाईजान, बच्ची की जान पे आई है, और तुमकू समधी की पडी है?"

 बाबा वाईट माणूस असते तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण लेकीच्या पायात काटा मोडला तरी ज्याला जेवण जात नाही, तो बाप रीत आडवी आल्यावर नुसता उभा राहतो, याचीच मला जास्त चीड आली. आणि हे सगळं जिच्याबद्दल चाललं होतं ती चार हातांच्या अंतरावर पडून शब्द न् शब्द ऐकत होती.

शेवटी तिनेच सिस्टरांचा हात धरला. "माह्या पोटात हाय नं? मंग आणा इकडं."

कळ ओसरेपर्यंत थांबून तिने सही केली. वाकडीतिकडी, ओळ सोडून गेलेली. "पेशंटची एकटीची नाही चालत," सिस्टर म्हणत होत्या, तेवढ्यात पेशंट का आणला नाही म्हणून डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. मी जे झालं ते ओरडूनच सांगितलं. त्यांनी कागद पाहिला. "शुद्धीत आहे, वयात आहे. हिचीच तर सही लागते. चला लवकर."

एवढंच होतं. मग इतका वेळ आम्ही कशाची वाट पाहत होतो?

मुलगी झाली. पण लगेच रडली नाही, तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई बाबांच्या तोंडावर म्हणाल्या. पुढे ती पेटीतून बाहेर आली, दूध ओढायला लागली, आणि जो तो म्हणाला, देवाची कृपा. कृपा कसली! थोडक्यात वाचलो आम्ही. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी इवाई आले. फोनवर 'थांबा' म्हणणारे तेच, आता म्हणाले, "एवढ्यासाठी आमची वाट कायले पाह्यली?" मी उठून बाहेर गेले, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

बहिणीला जेवण सुरू झालं तसे बाबा घरून साजूक तुपातला शिरा घेऊन आले. वाटीत काढला, गार केला, आणि लहानपणी भरवायचे तसा पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं नाही.

"बाबा, मी त्याईची होती, तं बाळंतपणाले मले घरी काऊन आणलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडले नाही.