रत्नाक्कांचे दोन सर्व्हर

सर्व्हर विकायला आलेल्या प्रत्येक माणसाला रत्नाक्का पहिला प्रश्न एकच विचारायच्या. त्याने लॅपटॉप उघडावा, घसा साफ करावा, पहिली रंगीत स्लाइड भिंतीवर टाकावी आणि तेवढ्यात यांचं सुरू व्हावं, "आवं साहेब, हे ऱ्हाऊ द्या. तुमचं मशीन कवा मरतंय ते सांगा."

"मॅडम, आमचं मशीन मरत नाही."

"मग च्या घ्या आन् उठा. मरत न्हाई असं जगात काय नसतंय."

पण एखादा प्रामाणिकपणे म्हणालाच, की खोली तापली तर अमुक होतं, पॉवर सप्लाय आधी जातो, तर त्याच्यासाठी दुसरा चहा यायचा आणि रत्नाक्का खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायच्या. डोळे असे चमकायचे, जणू समोरच्याने गावाकडची खबर आणलीय.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे कोपऱ्यात बसून पाहिलं. सातारा-सांगलीभर पसरलेल्या आमच्या दूध संघाच्या संगणक विभागाच्या त्या प्रमुख आणि मी नवी मुलगी. साताऱ्यातच वाढलेली, पण इंग्रजी शाळेतली. चारचौघांत मराठी बोलताना वाक्य आधी मनात जुळवून घेणारी. त्या जत तालुक्यातल्या. वडील, ज्यांना त्या आबा म्हणत, मेंढरं घेऊन फिरायचे. रत्नाक्कांनी सांगलीत इंजिनिअरिंग केलं. इंग्रजी मॅन्युअल त्या माझ्यापेक्षा झरझर वाचायच्या, पण बोलताना जत कधी सोडलं नाही. कुणी फार पाल्हाळ लावला की कानडीत "साकु!" म्हणायच्या. पुरे!

मी रुजू झाले तेव्हा विभागात एकच विषय पेटलेला होता. आधीच्या उन्हाळ्यात जतकडच्या एका संकलन केंद्रावरचा कूलर बंद पडला होता. केंद्राच्या सचिवांनी मोबाइलच्या ग्रुपवर कळवलं, पण तो निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गडप झाला. मेकॅनिक पोचेपर्यंत टाकीभर दूध नासलं. ओतून देताना रत्नाक्का तिथे उभ्या होत्या. "बायका बघत हुत्या गं," एवढंच त्या सांगायच्या, आणि विषय बदलायच्या.

म्हणून संघाने तक्रारींसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. कूलर असो, दुधाचं फॅट मोजायचं मशीन असो, गाडी असो की जनावरांचा डॉक्टर, केंद्राने मोबाइलवरून तक्रार टाकायची आणि ती थेट योग्य माणसाकडे जायची. बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर हे ठेवायला चेअरमन तयार नव्हते. "आपली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात कशाला?" म्हणजे स्वतःचा सर्व्हर हवा. आणि तो निवडायचा कोणी, तर रत्नाक्कांनी.

काय दिवस होते ते! टेबलावर माहितीपत्रकं, फळ्यावर खडूने आखलेली मशिनं, आणि मध्ये रत्नाक्का. शेवटी दोन पर्याय उरले. एक भलंमोठं मशीन, प्रोसेसर दणदणीत, डिस्क मात्र जुन्या, फिरत्या पद्धतीच्या. दुसरा पर्याय दोन मध्यम मशिनांचा, प्रोसेसर बेताचे, पण डिस्क सगळ्या वेगवान एसएसडी. किंमत जवळपास सारखीच. चेअरमनना मोठं आवडलं होतं. "दिसतं कसं, बघा की!"

विक्रेत्याचा हिशेब होता, दिवसाला इतक्या तक्रारी, तासाला इतक्या, सगळं आरामात बसतंय. तो मला पटेना. पहिला महिनाभर मी केंद्रांचे निरोप घेणाऱ्या मदत कक्षात बसले होते. तिथे तासाचा हिशेब चालत नाही हे मला दिसलं होतं. सकाळचं संकलन आटोपलं की सगळी केंद्रं एकदमच बोलायला लागतात, आणि लिहून कुणीच पाठवत नाही. फोटो पाठवतात, आवाज पाठवतात, व्हिडिओ पाठवतात.

"ए पोरी," रत्नाक्का माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मघापासनं तुझे ओठ हालत्यात. आवाज बी सोड की."

मी कसंबसं सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला. "अगं मग हे पोटात घालून बसलीयस व्हय? पोटात काय कूलर हाय?" आणि खोलीत अशा फेऱ्या मारू लागल्या, की शिपाई डोकावून गेला. "विक्रेत्याला सांगा, समदी मशिनं हितं आणून ठेवा. आमचा आबा मेंढरू घेण्याआधी एक रात आपल्या कळपात ठेवायचा. बाजारात समदीच गुणाची असत्यात."

मशिनं आली, त्यांवर तक्रारींचं सॉफ्टवेअर चढलं. सगळ्या केंद्रांना निरोप गेला की उद्या संकलन झालं की प्रत्येकाने एक खोटी तक्रार टाकायची. पहिला दिवस मोठ्या मशीनचा. चेअरमन, दोन संचालक, विक्रेत्याचा इंजिनिअर, सगळे पडद्यासमोर.

आणि आमच्या लोकांनी खोटी तक्रार टाकलीच नाही! तक्रार ऐकायला कुणीतरी बसलंय म्हटल्यावर खरी सोडून खोटी कोण टाकेल? वडूजकडून शेडच्या गळक्या पत्र्याचा व्हिडिओ आला. "आवं, कवापासनं सांगतूय," असे निरोप एकामागून एक. जतहून पाण्याचा टँकर न आल्याचे फोटो. कोरेगावजवळच्या एका आजोबांनी म्हशीला चारी बाजूंनी फिरून तिचा व्हिडिओ पाठवला होता, "ही आटलीया. मशीनला इचारून सांगा."

रत्नाक्का टाळ्या पिटत होत्या. "येऊ द्या! आजून येऊ द्या!"

हळूहळू पडद्यावरचं चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. इंजिनिअर घामाघूम. "असं कसं? प्रोसेसर तर निम्म्याहून जास्त रिकामा आहे!"

"मग अडलंय कुठं?" चेअरमन म्हणाले.

रत्नाक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे ढकललंच. "हिला इचारा."

मनात वाक्य जुळवायला वेळच नव्हता. मी म्हणाले, "प्रोसेसर रिकामा आहे कारण तो वाट बघतोय. एवढे फोटो आणि व्हिडिओ डिस्कला लिहून होत नाहीयेत. ती लिहून देईपर्यंत मागचे सगळे उभे."

"ऐकलंसा?" रत्नाक्का म्हणाल्या. "कळप लंगड्या मेंढराच्या चालीनं चालतोय, चेअरमनसाहेब. म्होरच्या बकऱ्याची शिंगं बघून काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी मध्यम मशिनं लावली. तोवर गावागावांत बातमी पोचलेली, त्यामुळे तक्रारी आदल्या दिवसापेक्षा जास्तच आल्या. आणि सगळ्या झरझर आत! मला ओरडावंसं वाटत होतं. रत्नाक्का तर ओरडल्याच.

"पण दोन कशाला?" चेअरमननी विचारलं. "वेगवान डिस्कवालं एकच मोठं घेऊ."

"एका कुत्र्यावर कळप सोडून आमचा आबा कवा झोपला न्हाई. एक मशीन हितं साताऱ्यात, एक सांगलीच्या प्लँटात. एक पडलं तर दुसरं राखंल."

"बरं. पण माणसाचं काय? जाणकार माणूस तुम्ही एकट्याच."

"मी सांगलीला जाते," रत्नाक्का म्हणाल्या. "हितं ही हाय की."

 बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, मला नाही जमणार. तुम्ही इथे हव्या आहात."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मी हितं, तवर तू गप. दोन मशिनं घिऊन माणूस एकच ठेवायचा, तर ते दुसरं मशीन शोभेला हाय का?"

आठवडाभरात त्यांनी डबा, छत्री आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा उचलला आणि त्या सांगलीला गेल्या.

पुढे उन्हाळ्यात एका सकाळी माझ्या पडद्यावर सांगलीच्या मशीनचा दिवा लाल झाला. तेवढ्यात जतच्या त्याच केंद्राकडून फोटो आला. कूलर बंद. टाकी भरलेली. तक्रार सांगलीऐवजी माझ्या मशीनवर उतरली होती आणि मेकॅनिककडे गेलीही होती, पण तो निघाला नव्हता. मी फोन लावला.

"न्याहारी करून निघतो, ताई. अक्का कुठायत?"

"अक्का न्हाईत! मी बोलतीया! न्याहारी मागनं करा, दूध नासंल, निघा!"

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. मी पुढचा फोन लावला, केंद्राच्या सचिवांना, मग जवळच्या केंद्राला, दूध हलवावं लागलं तर गाडी तयार ठेवा म्हणून. बऱ्याच वेळाने सचिवांचा फोटो आला. कूलर चालू, आणि त्याच्यासमोर मेकॅनिक भाकरी खातोय.

मग रत्नाक्कांचा फोन. "पोरी, हिकडं यूपीएस उडाला, मशीन पडलंय. जतचा कूलर बी बंद पडला म्हनं, काय झालं?"

"दूध वाचलं, अक्का."

"मग मला फोन का न्हाई केलास?"

मी विचार केला. खरं तेच सांगितलं. "सुचलंच नाही."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "लय झ्याक," त्या म्हणाल्या. "आता ठेव. मला माझं मशीन उठवू दे."