वाकड्या नळीचा सरळ माणूस

आमच्या ह्यांच्याकडे रायफल होती. गावात तिला सगळे बंदूक म्हणत आणि हे प्रत्येकाला थांबवून सांगत, "बंदूक न्हाय, रायफल." मग ऐकणाऱ्याची इच्छा असो वा नसो, नळीच्या आत पेच कसे कोरलेले असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते आणि म्हणून कशी सरळ जाते, हे सगळं सांगत. गोळी सोडून बाकी सगळं बरोबर होतं.

मी लग्न होऊन ह्या घरात आले ती १९३०च्या आसपास. किहीमच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. भात तयार झालं की डोंगरातली रानडुकरं उतरत आणि एका रात्रीत शेताचं अंगण करून जात. त्यांच्या बंदोबस्तासाठी सरकारने गावात एकच परवाना दिला होता, तो ह्यांच्या नावावर. ह्यांना शेतीत गती नव्हती, व्यवहारात तर त्याहून नाही. शेंगदाणे विकायला बसवलं असतं तर वाटून आले असते. गावात कुणी ह्यांना विचारायचं ते फक्त डुक्कर शिरलं की. परवाना गेला असता तर ह्यांची किंमत घरच्या जात्याहून कमी झाली असती, आणि हे मला माहीत होतं, ह्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

तर ही रायफल पावसाळ्यात सादळू नये म्हणून चुलीवर दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असे. आमच्याकडे कोरडं राहायला हवं ते सगळं चुलीवरच जातं. सासूबाईंना मात्र त्यात रायफल दिसली नाही, दांडा दिसला. "येवढा चांगला लोखंडी दांडा नुसता कशाला ठेवायचा?" असं म्हणून त्यांनी पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील त्याच्यावर पसरले. मग खारवलेल्या सुरमईच्या तुकड्यांची माळ आली. खुंटीच्या पलीकडे नळीचं तोंड हातभर पुढे यायचं, तर त्या तोंडातच लोखंडी आकडा अडकवून लोणच्याचं शिंकं टांगलं. मांजरं तिथवर पोचत नाहीत, ही त्या जागेची मोठी सोय.

मांजरं पोचत नव्हती, पण वास त्यांच्यापर्यंत पोचत होता. दुसरे लोक शिकारीला जाताना पुढे कुत्री नेतात. आमचे हे रायफल खांद्यावर टाकून निघाले की मागून सगळ्या आळीची मांजरं शेपट्या वर करून चालत. डुकरं हसत असावीत.

नेम काही लागत नव्हता. एकदा डुक्कर बांधावर उभं होतं आणि गोळीने फुटलं ते माडाच्या बुंध्याशी ठेवलेलं माडीचं मडकं. माडावर चढलेला गडी वरूनच ओरडला, "ओ दादा, मी काय भात खाल्लं तुमचं?" एकदा बुजगावण्याचं मुंडकं उडालं. हे म्हणायचे, काडतूस दमट होतं, वारा आडवा होता, नळीतच काहीतरी आहे. लोक म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं.

मला त्या म्हणीचा राग यायचा. एके दुपारी हे झोपले असताना मी नळीत चिंधी घालून ती पुसायला बसले. चिंधी तांबडीलाल होऊन बाहेर आली, वर बोंबलाचा वास. उजेडाकडे धरून आत पाहिलं तर ज्या पेचांचं एवढं कौतुक चालायचं, त्यांच्यात मिठाने खड्डे पाडलेले. आणि तोंडाशी, आकडा घासघासून, काठाला एक खाच. म्हणजे अंगण खरोखरच वाकडं होतं! मी ह्यांना गदगदा हलवून उठवलं.

ह्यांनी खाचेवरून बोट फिरवलं आणि सगळं ओळखलं. बारीक आवाजात म्हणाले, "तोंड सारखं नसलं की धूर खाचेतून आधी निसटतो, आणि गोळीला जाताजाता ढुसणी देतो."

"मग सांगा आईंना."

"काय सांगू? तुझ्या लोणच्यानं माझी रायफल खाल्ली म्हणून? न्हाय गं. मेलो तरी न्हाय सांगणार."

असा माणूस! डुकरापुढे उभा राहील, आईपुढे नाही. मी चिडले, पण मनातून मला ते आवडलंही. सासूबाईंनी ह्यांना एकटीने वाढवलं होतं.

तेवढ्यात खोताच्या मेहुण्याने अर्ज केला, की परवानाधारकाला नेम नाही, परवाना मला द्या. मामलेदार स्वतः बघायला येणार, असा निरोप आला. ह्यांचं जेवण तुटलं. मी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर ह्यांची भाकरी घेऊन जायची, त्यामुळे चुकलेले सगळे बार माझ्या डोळ्यांसमोरचे. माडीचं मडकं डुकराच्या उजवीकडे होतं. बुजगावणंही उजवीकडे. मी म्हटलं, "अहो, ही रोज एकाच बाजूला चुकते. तुम्ही हातभर डावीकडे धरा."

"मारायचं एकाला नि बघायचं दुसरीकडं? लोक काय म्हणतील?"

"आत्ता फार चांगलं म्हणतायत, नाही का?"

कापणी झालेल्या शेतात काठीवर मडकं उलटं घातलं. मामलेदार खुर्चीवर, गाव बांधावर, सासूबाई सगळ्यांत पुढे, आणि मांजरं ह्यांच्या पायाशी. ह्यांनी रायफल उचलली आणि मडक्याच्या डावीकडच्या मोकळ्या हवेवर रोखली. गावाने एकच गलका केला, "अरं, मडकं हिकडं हाय!" खोताचा मेहुणा मांड्या थोपटून हसायला लागला. नळीचं तोंड क्षणभर उजवीकडे वळायला लागलं. मी पदर तोंडावर ओढून, सगळ्या बायकांत, जोरात खोकले.

नळी परत डावीकडे गेली. बार झाला. मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

मेहुणा म्हणाला, हा चमत्कार आहे, नेम नव्हे, आणा ती इकडे. नवं मडकं लावलं. त्याने अगदी शिस्तीत, सरळ रोखून बार केला. मडकं जागच्या जागी राहिलं आणि उजवीकडे झाडाला टांगलेल्या मामलेदारांच्या छत्रीतून ऊन दिसायला लागलं. मामलेदार उठले, छत्री उघडून त्यांनी भोकातून मेहुण्याकडे पाहिलं आणि परवाना आहे त्याच नावावर राहील असं सांगून टांग्यात बसले.

परतताना पुरुष पुढे, आम्ही बायका मागे. सगळे ह्यांच्या भोवती. "काय नेम हाय ओ तुमचा! हवेत बघून मडकं फोडलं!" सात जन्मांत असं कौतुक ह्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. हे ते निमूट घेऊन घरी आले असते तर मी खूशच झाले असते.

पण हे वाटेत थांबले. आम्ही बायका येऊन पोचेपर्यंत सगळ्या गावाला थांबवून ठेवलं. मग आईच्या देखत, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "नेम माझा न्हाय, हिचा. मी नुसता चाप ओढला."

त्या काळी असं कुणी बोलत नसे. गाव हसलं, आणि बायकोच्या नेमाचा म्हणून ह्यांना चिडवत राहिलं ते शेवटपर्यंत. मला इतकी लाज वाटली की राग आला, आणि डोळे भरून आले ते दिसू नयेत म्हणून मी ओरडले, "चला आता, चुलीवर भात ठेवून आलेय!"

त्यानंतर शेतात डुक्कर शिरलं की लोक दारात येऊन मलाच हाक मारायचे, "वैनी, याल का?" आणि हे आतून, माझ्याही आधी, हसत बाहेर यायचे.